उस्तादांची एकसंध काठी

गेणूतात्यांच्या घराण्यात एक रीत होती आणि त्या रीतीनंच घात केला. कुणाची वस्तू मागून आणली, तर परत देताना ती आणली होती त्याहून बरी करून द्यायची. खुरपं आणलं तर धार लावून, छत्री आणली तर मोडकी तार बदलून, कुकर आणला तर त्याची मूठ घट्ट करून. तात्यांच्या बापानं हे पाळलं आणि तात्यांनी तर त्याचं व्रतच केलं. लासुर्ण्याची माणसंही काही कमी बेरकी नव्हेत. "तात्या, शिडी न्हाय का लागत तुमास्नी?" असं आपणहून येऊन विचारायची. त्या शिडीच्या दोन पायऱ्या निखळलेल्या असायच्या, हे वेगळं सांगायला नको.

तात्यांचा हातही तसाच होता म्हणा. चौतीस वर्षं वालचंदनगरला कारखान्यात टर्नर. लेथसमोर उभं राहायचं आणि लोखंड गोल करायचं, एवढं एकच काम आयुष्यभर केलं, पण असं केलं की साहेब लोक नवख्या पोरांना त्यांच्या शेजारी नुसतं उभं करायचे. निवृत्त होताना भंगारात निघालेलं एक जुनं लेथ मशीन त्यांनी घेतलं, घराला लागून पत्र्याची शेड मारली, आणि ऊसवाल्यांच्या पंपांचे बुश करत बसले. अर्ध्या सुताचा फरक राहिला तरी त्यांना रात्री जेवण जात नसे.

आता त्यांची सून. स्वरूपा तिचं नाव, माहेर पळसदेवचं. बारामतीत एका चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्नूकरचा हॉल होता. दोन वर्षांपूर्वी कुणाचा तरी चष्मा द्यायला ती वर गेली आणि त्या हिरव्या टेबलापाशी जी अडकली ती अडकलीच. तेव्हापासून काम सुटलं की तासभर वर, मग सातची एसटी. तात्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला.

"काठीनं गोळ्या ढकलायच्या? ह्यो काय बाईमाणसाचा खेळ हाय?"

"मग काय बाप्याचा हाय?" तात्या म्हणाले. "गोळ्याच ढकलायच्या तर कुणीबी ढकलंल की."

झालं, घरातला विषय तिथं संपला. तात्यांना खेळ काही कळत नव्हता, पण सून संध्याकाळी घरी आली की तिच्या तोंडावर जे काही असायचं ते त्यांना आवडायचं. लेथवरून चांगला जॉब उतरला की आपलं तोंड असंच होत असणार, असं त्यांना वाटे.

हॉलमध्ये शिकवायला जोतीराम होता. तसा हुद्द्यानं तो मार्कर, म्हणजे गुण मांडायचे, चेंडू लावायचे, टेबल झाडायचं. पण चाळीस वर्षं तेच करून सांगवीचा हा माणूस त्या खेळातला देव होऊन बसला होता. इंदापूर, भिगवणपासून लोक नवी क्यू घेऊन त्याच्याकडं यायचे. क्यू म्हणजे ती खेळायची काठी. तात्या तिला काठीच म्हणत. जोतीराम काठी टेबलावर लोळवून बघायचा, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकायचा, बोटावर तोलायचा आणि घ्या किंवा टाका म्हणायचा. त्याच्यावर अपील नाही.

रविवारी इंदापूरला जिल्ह्याची निवड होती. मुलींमधून दोघीच पुढं जायच्या होत्या, आणि जोतीरामनं स्वरूपाला चक्क आपल्या उस्तादांची काठी दिली होती. "आजवर कुणाला हात लावू दिला न्हाय. निवडीपुरती वापर. सोमवारी परत आण, मग तुझी तुला बघून देतो," असं बजावून.

काठी मोठी देखणी होती. तिचं जाड टोक काळंभोर, पुढं पिवळसर लाकूड, आणि उंची तात्यांच्या हनुवटीपर्यंत. हाच तर गोंधळ. ती एसटीत न्यायची कशी? तात्यांनी ठिबकच्या कामातून उरलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपाचं, दोन्हीकडं टोपणं लावून, नळकांडं करून दिलं. मंगळवारी गर्दीत त्या पाइपानं आधी एका पाव्हण्याची टोपी उडवली आणि मग एका बाईच्या मांडीवरचा अंड्यांचा अर्धा ट्रे फोडला. कंडक्टर म्हणाला, "ताई, पाइपलाइनच टाकायची तर ट्रॅक्टर करा ना." अख्खी एसटी हसली. स्वरूपा घरी आली ती डोळे पुसतच.

तात्यांच्या ते फार मनाला लागलं. पोराला, म्हणजे स्वरूपाच्या नवऱ्याला, सुयोगला, त्यांनी विचारलं, एवढ्या लांब काठ्या माणसं नेतात तरी कशा? सुयोगनं मोबाइलवर फोटो दाखवला. दोन तुकड्यांची काठी, मध्ये पितळी आटे. खेळायच्या वेळी पिळून जोडायची. तात्यांनी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. हे तर त्यांचंच काम! आटेच पाडायचे होते की!

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी सुनेला सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, काठी घेताना मेन बघायचं काय?"

"सरळ पाहिजे, आबा. केसाएवढी वाकडी असली तरी चेंडू भलतीकडं जातो."

सरळ! चौतीस वर्षं दुसरं केलं काय होतं? तात्यांनी मनोमन कामाला हातच घातला.

गुरुवारी स्वरूपा भावाच्या बाळाच्या बारशाला पळसदेवला गेली, शुक्रवारी संध्याकाळी यायची होती. तात्यांनी सकाळीच शेड उघडली. छबूबाई पिठाचे हात घेऊनच दारात आल्या.

"अवं, पोरीला इचारून तरी घ्या."

"इचारलं तर मग गंमत काय ऱ्हायली?"

"काठी तिची न्हाय. दुसऱ्याची हाय."

"म्हणून तर करतोय!" तात्या म्हणाले. "मागून आणलेली चीज हाय. जशीच्या तशी परत द्यायची व्हय? तो जोतीराम काय म्हणंल, कारखान्यातल्या टर्नरच्या घरात गेली आणि तशीच आली?"

 छबूबाई गेल्या भाकरी थापायला.

तात्यांनी आधी काठी वाण्याकडं नेऊन काट्यावर तोलली, आकडा पाटीवर लिहिला. मग पोत्याचं तरट गुंडाळून ती शिकंज्यात धरली. फोटोत जोड होता तिथंच, जाड टोकापासून हात-सव्वाहातावर, काळ्या भागात, पेन्सिलीनं खूण केली. देवाचं नाव घेतलं. हॅक्सॉ चालवला. काळा भुसा पडायला लागला. लाकूड लोण्यासारखं कापत होतं, तात्या गुणगुणत होते, आणि एकाएकी पातं कर्रकन किंचाळलं.

तात्यांनी हॅक्सॉ थांबवला. चौतीस वर्षं ज्यानं धातू कापला त्याला हा आवाज झोपेतसुद्धा कळेल. लाकडाच्या पोटात धातू! त्यांनी खाली वाकून बघितलं. काळ्या भुशात पिवळा चुरा चमकत होता. पितळ.

"आयला," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्यात आधीच कुणीतरी हात घातलाय."

पण आता अर्धं कापून झालं होतं. थांबून करायचं काय? काठी दोन झाली. तोंडाशी बघतात तर मध्ये पितळेची कांडी, तिच्याभोवती काय काय भरलेलं. तात्यांना त्याचा उलगडा होईना. त्यांनी पैशाएवढी एक चकती कापून काढली, भिंगातून बघितली, आणि ती तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवून दिली. अजब जॉब दिसला की फेकायचा नाही, ही कारखान्यातली सवय. मनात मात्र त्यांना बरंच वाटलं. आधीच जोड होता म्हणजे आपण काही बिघडवलं नाही, उलट कुणाचं तरी अर्धवट काम पुरं करतोय.

दीड दिवस त्यांनी जीव ओतला. जुनी कांडी कोरून काढली, नवे पितळी आटे पाडले, डायल लावून सरळपणा बघितला. काटा हलला नाही. वाण्याकडं पुन्हा तोलली, दोन ग्रॅमचा फरक. जोडावर केसाएवढीही खाच बोटाला लागत नव्हती. तात्यांनी शिंप्याकडून रेक्झिनची लांबट पिशवी शिवून आणली आणि शुक्रवारी दुपारपासून ओसरीवर वाट बघत बसले.

स्वरूपा आली, बारशाचे पेढे दिले, आणि तिची नजर कोपऱ्यात गेली.

"आबा, पाइप कुठाय?"

"पाइपाचं काम संपलं आता," असं म्हणून तात्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. ओठ दाबूनसुद्धा त्यांचं हसू थांबत नव्हतं.

तिनं चेन उघडली. दोन तुकडे बाहेर काढले. ती कौतुकानं म्हणाली, "अय्या आबा, नवीन केली? किती भारी! मग सरांची कुठं ठेवली?"

"ह्यीच की ती."

"नाही ओ, सरांची. उस्तादांची."

"अगं ह्यीच! बघ की, पीळ बघू. एसटीत आता कुणी बोलणार न्हाय तुला."

स्वरूपानं तुकड्यांकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. काळ्या टोकावर एक चंद्रकोरीएवढा जुना ओरखडा होता, त्यावर तिनं अंगठा फिरवला. मग ती जी मटकन खाली बसली, ती भिंत नसती तर आडवीच झाली असती.  छबूबाई पाणी घेऊन धावल्या. तात्यांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "सर सगळ्यात आधी काय बघतात माहितीय? काठी अखंड आहे का. एकसंध लाकूड. जोडाची असली तर हातातसुद्धा घेत नाहीत, माणसाला तसाच परत पाठवतात. म्हणतात, बाकी सगळं नंतर, जोडाची काठी ऐन वेळी दगा देते. आणि ही... ही त्यांच्या उस्तादांची. तिला ते रोज नमस्कार करतात, आबा!"

आटे पिळून दाखवायला पुढं केलेला हात तात्यांनी मागं घेतला.

"पर तू तर म्हणालीस, सरळ..."

"मी माझं सांगितलं! तुम्हाला मला विचारावंसं पण वाटलं नाही?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं सासऱ्यावर आवाज चढवला नव्हता. तात्या जाऊन ओसरीच्या खांबापाशी उभे राहिले.

मग त्यांना एक सुचलं. "हे बघ, मी ती परत जोडतो. कायमची. आटे आतच चिकटवून टाकतो, वरनं काळं पॉलिश मारतो. ब्रह्मदेव आला तरी त्याला कळायचं न्हाय."

"व्हय, तेच करा," छबूबाई लगेच म्हणाल्या. "उगं बोभाटा कशाला? परवा खेळ हाय पोरीचा."

स्वरूपानं ते दोन तुकडे उचलून मांडीवर ठेवले. करा, असं ती म्हणणार, असं तात्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही क्षणभर तसंच वाटलं असणार. निवड हातातोंडाशी आलेली. पण तिनं मान हलवली.

"ब्रह्मदेवाला नाही कळणार. मला कळंल ना. उद्या सकाळी जाऊन सांगायचं."

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. सकाळच्या एसटीत ती तात्यांच्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली. तात्या तिच्या वेणीकडं बघत बारामतीपर्यंत आले. खिशात तंबाखूची डबी होती, तिच्यावर त्यांचा हात सारखा जात होता.

हॉल नुकताच उघडला होता. जोतीराम एकटाच टेबलावर ब्रश फिरवत होता. भिंतीवर, गुण मांडायच्या फळीच्या वर, उस्तादांचा फोटो: हडकुळा माणूस, डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांत मिश्कील काहीतरी. फोटोला ताजा हार होता.

स्वरूपानं वेळ घालवला नाही. "सर, तुमची काठी कापली गेलीय. दोन तुकडे झालेत. मी घरी नव्हते, पण जबाबदारी माझी होती."

"तिची काय चूक न्हाय, जोतीरामराव," तात्या मागून म्हणाले. "म्याच कापली. बरी करायला गेलो."

जोतीरामला आधी कळलंच नाही. त्यानं पिशवी उघडली. तुकडे बघितले. त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग असा लाल झाला, की हा आता खाली कोसळतो की काय असं तात्यांना वाटलं.

"कापली," तो म्हणाला. "उस्तादांची काठी. कापली." मग तो जो गरजला, त्यानं हॉलच्या काचा हादरल्या. "पन्नास माणसांनी मागितली! एकाला दिली न्हाय! तुला दिली, आणि तू सासऱ्याच्या हातात करवत दिलीस? एकसंध काठी व्हती ती! उभ्या जिल्ह्यात तशी दुसरी न्हवती! उद्याची निवड इसर. माझं नाव सांगून कुठं खेळू नकोस. आणि ह्या हॉलची पायरी परत चढू नकोस. जा!"

स्वरूपा जागची हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दोन वर्षांची मेहनत अशी उभ्या उभ्या गेली, आणि ती घालवली कुणी, तर आपण. तात्यांना ते बघवेना. त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"पर जोतीरामराव, ती आधीच जोडाची व्हती की!"

जोतीरामचा दाराकडं केलेला हात खाली आला.

"काय?" जोतीराम म्हणाला. पण कसा म्हणाला! आवाजातला सगळा राग कुणीतरी काढून घेतल्यासारखा. तात्यांना वाटलं, आता हा आपल्यावर हात टाकतो. त्यांनी घाईघाईनं डबी काढली आणि ती पैशाएवढी चकती टेबलाच्या कडेवर ठेवली.

"ह्ये बघा. लाकडाच्या पोटातनं निघालं. मी काय खोटं बोलत न्हाय. ही तिरकी रेघ दिसतीय का? ही मोड हाय. कापलेली न्हाय, मोडलेली. काठी कधीतरी काडकन मोडली व्हती."

जोतीराम जवळ आला नाही. लांबूनच बघत होता.

"आता ह्ये बाहेरचं तपकिरी," तात्या चाचरत सांगू लागले, पण काम समजावून सांगताना त्यांचा आवाज हळूहळू सावरला. "ह्यो सरस. जुन्या सुतारांचा. त्याच्या आत ह्यो बांबू. कुणीतरी भोक पाडून बांबूची खुंटी घातली, सरस लावला, जोडली. पर त्ये काम टिकलं नसावं, ढिलं पडलं असंल. कारण बघा, त्या बांबूच्या पोटातनं कुणीतरी परत भोक पाडलंय आणि पितळंची कांडी घातलीय, हा असला पिवळा कडक गम लावून. म्हणजे दोनदा दुरुस्ती झालीय. येगयेगळ्या येळी. येगयेगळ्या हातांनी."

"दोनदा न्हाय," जोतीराम पुटपुटला. "एकदाच."

स्वरूपाचं रडणं थांबलं. "सर? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

जोतीराम टेबलाला धरून उभा होता. मग तो धरूनच खाली बसला, जमिनीवर, मार्कर माणूस आयुष्यात कधी बसत नाही तसा.

"बांबू माझा," तो म्हणाला. "मी वीस वर्षांचा व्हतो. आपल्याकडं क्रिकेटचा वर्ल्ड कप व्हता त्या साली. दुपारी हॉल मोकळा, उस्ताद दोन दिवस परगावी गेलेले. चहावाला लिंबाचा चेंडू करून टाकतोय आणि मी त्यांच्या काठीची बॅट करून फटके मारतोय. तिसरा फटका त्या खांबावर बसला. तोंडचं पाणी पळालं माझ्या. हितं कुणाला कळू नये म्हणून इंदापूरला एका सुताराकडं नेली. त्यानं खुंटी घातली, वरनं काळं पॉलिश केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत भिंतीवर टांगली. उस्तादांना कळलं न्हाय. ते त्याच काठीनं खेळत ऱ्हायले, मरंस्तोवर. सात-साडेसात वर्षं. मरताना मलाच देऊन गेले."

"आणि पितळ?" तात्यांनी विचारलं.

"पितळ माझं न्हाय."

तिघंही त्या चकतीकडं बघत राहिले. खालच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत गेली.

"ते एकदा पुण्याला गेले व्हते," जोतीराम एकेक शब्द शोधत म्हणाला. "मी मोडली त्याच्या वर्षा-दीड वर्षानं. डोळं दाखवायला म्हणून. आठ दिवस. आणि काठी संगं नेली. मी म्हणलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं काठी कशाला नेतंय म्हातारं? तिथंच पितळ घातलं त्यांनी."

 स्वरूपा त्याच्याजवळ जाऊन खाली बसली.

"आल्यापास्नं सुरू झालं त्यांचं," तो म्हणाला. "त्याच्याआधी कधी न्हाय म्हणायचे. कुणी काठी घ्यायला आलं, काय बघायचं म्हणून इचारलं, की म्हणायचे, एकसंध बघा, माझ्यासारखी. जोडाची काठी ऐन वेळी दगा देते. आणि माझ्याकडं वळायचे. दर वेळी. हसत. 'व्हय का न्हाय रं, जोत्या?' आणि मी म्हणायचो, 'व्हय, उस्ताद.'"

 तात्यांनी फोटोकडं बघितलं. तो मिश्कीलपणा आता त्यांना बघवत नव्हता.

"सहा वर्षं इचारलं त्यांनी मला," जोतीराम म्हणाला. "सहा वर्षं! आणि मला वाटायचं, काठीबद्दल इचारतायत. ते गेल्यावर मीच ते वाक्य म्हणत बसलो. थांबलो असतो तर कुणीतरी इचारलं असतं ना, का थांबलास म्हणून. ह्या पोरीनं एका रात्रीत येऊन सांगितलं. आणि मी तिलाच..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साठीचा माणूस, पण रडला तो वीस वर्षांच्या पोरासारखा.

 असल्या वेळी बोलायला तात्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना येत होतं ते एवढंच, की जॉब हातात घेऊन बघायचा. त्यांनी चकती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"जोतीरामराव," ते म्हणाले, "एक सांगतो. मी आयुष्यभर भोकं पाडली. ह्ये पितळंचं भोक मधोमध हाय. बरोब्बर मधोमध, सुताचाबी फरक न्हाय, आणि ह्ये लेथवर केल्यालं न्हाय, हातानं केलंय. बांबू फुटू दिला न्हाय. तुमचा बांबू काढून टाकता आला असता, तरी ठेवलाय." त्यांनी चकती जोतीरामच्या पुढ्यात धरली. "राग मनात ठेवून केलं तर भोक असं पडत न्हाय. हात हालतोच."

जोतीरामनं ती चकती तळहातावर घेतली. अंगठ्यानं बांबूचं कडं चाचपलं, मग पितळ. मग तो उठला, टेबलाच्या कडेनं फोटोपाशी गेला आणि शाळेत मास्तरांपुढं उभं राहावं तसा हात बांधून उभा राहिला.

"न्हाय, उस्ताद," तो म्हणाला. "एकसंध न्हाय. म्याच मोडली."

चाळीस वर्षांनी हॉलमध्ये ते शब्द उमटले. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

थोड्या वेळानं जोतीराम वळला. टेबलावरचे दोन तुकडे त्यानं उचलले, हळूहळू पिळून जोडले, काठी टेबलावर लोळवली. ती गुळगुळीत लोळत गेली, कुठं उडी नाही, कुठं डुगडुग नाही. त्यानं ती डोळ्याला लावून बघितली, बोटावर तोलली, आणि तात्यांकडं बघून नुसती मान हलवली. मग स्वरूपाच्या हातात दिली.

"उद्या इंदापूरला ह्याच काठीनं खेळायचं," तो म्हणाला. "आणि कुणी इचारलं तर जोडाची हाय म्हणून सांगायचं. आधी सांगायचं, इचारायच्या आधी."